टी बॅगमधली रसायनं: पिशवीचा हिशेब वेगळा, पानाचा वेगळा

माझ्या आत्याने गेल्या वर्षी डिप चहा बंद केला. पिशवीत कॅन्सरचं रसायन असतं असं तिच्या कानावर आलं होतं. आता ती पूर्वीसारखी पातेल्यात चहा पावडर टाकते, आलं ठेचून घालते आणि सात-आठ मिनिटं खळखळून उकळते. "सुटले बाई एकदाची," म्हणाली. मी म्हटलं, आत्या, पिशवीतून सुटलीस, पानातून नाही. मळ्यात फवारलेलं जे काही पानावर उरलं असेल ते सुट्या पावडरीतही तितकंच असतं. तीन मिनिटं बुडवण्यापेक्षा आठ मिनिटं उकळण्यात त्याला पाण्यात उतरायला जास्तच वाव मिळतो.

ती रागावली, पण घोटाळा तिथेच आहे. पिशवीतून काय येतं आणि पानातून काय येतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे. एकाचं उत्तर दुसऱ्याला लावलं की माणूस उगाच घाबरतो, नाहीतर उगाच निर्धास्त होतो. म्हणून पुढच्या पायऱ्यांमध्ये हे दोन हिशेब मी शेवटपर्यंत वेगळे ठेवले आहेत.

पायरी १: हातातली पिशवी कशाची आहे ते ओळखा

एक पिशवी घ्या, कात्रीने कापा, आतला चहा रिकामा करा आणि कडा नीट बघा.

घडी घालून वरून दोऱ्याने किंवा पिनेने बांधलेली दोन कप्प्यांची पिशवी असेल, तर तो बहुतेक साधा गाळण-कागद असतो. त्यात लाकडाचा लगदा आणि अबाकाचे तंतू असतात. अबाका हे केळीच्या कुळातलं झाड. ते मुख्यतः फिलिपिन्समध्ये होतं आणि त्याचा तंतू ओला झाला तरी सहज तुटत नाही.

चौकोनी किंवा गोल पिशवी असेल, शिवण नाही, घडी नाही, पिनही नाही, आणि चारी कडांना दाबल्याची बारीक रेघ असेल, तर थोडा विचार करा. नुसता कागद इस्त्री फिरवून कागदाला चिकटत नाही. चिकटला आहे म्हणजे मध्ये काहीतरी वितळलं आहे. ते काहीतरी म्हणजे कागदात मिसळलेले प्लास्टिकचे तंतू, बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे. दिसायला हा कागदच असतो, म्हणून 'मी कागदी पिशवी वापरतो' असं म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण खरं तर ही वापरत असतात.

तिसरा प्रकार त्रिकोणी, पारदर्शक, जाळीदार पिशवीचा. भेटीच्या डब्यांतून येते ती. पाकिटावर 'सिल्कन' वगैरे लिहिलेलं असतं, पण त्याचा रेशमाशी काही संबंध नाही. ही जाळी नायलॉनची, पीईटीची (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक) किंवा पीएलएची असते. पीएलए मका किंवा उसाच्या साखरेपासून बनतं, म्हणून त्याला 'वनस्पतीजन्य' म्हणतात. मूळ वनस्पतीचं असलं तरी तयार होतं ते प्लास्टिकच.

शंका उरली तर रिकामी पिशवी वाळवा, चिमट्यात धरा आणि खिडकीपाशी, स्टीलच्या ताटलीवर काडी लावा. कागद भुरूभुरू जळून राख होतो. जाळी आकसते, वितळते आणि थंड झाल्यावर चिमट्याच्या टोकाला कडक मणी राहतो. मुलांना लांब ठेवा आणि धूर हुंगू नका.

पायरी २: पिशवीचा हिशेब

२०१९ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात नताली टुफेन्कजी यांच्या गटाने प्लास्टिकच्या पिशव्या रिकाम्या केल्या, धुतल्या आणि ९५ अंश सेल्सियसच्या पाण्यात पाच मिनिटं ठेवल्या. एका पिशवीतून सुमारे ११६० कोटी सूक्ष्म आणि ३१० कोटी अतिसूक्ष्म प्लास्टिक कण सुटले, असं त्यांनी मांडलं. हा आकडा जगभर फिरला. पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या संशोधकांनी त्याच नियतकालिकात घेतलेला आक्षेप मात्र फारसा फिरला नाही. त्यांचं म्हणणं असं, की मोजलेल्यांतले बरेचसे कण प्लास्टिकचे तुकडे नसून ऑलिगोमर असावेत, म्हणजे प्लास्टिकमधून पाण्यात विरघळलेले आणि नमुना वाळवताना पुन्हा गोठलेले छोटे रेणू. २०२४ मध्ये बार्सिलोनाच्या स्वायत्त विद्यापीठाने वेगळ्या पद्धतीने मोजणी केली. पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीतून दर मिलिलिटरला सुमारे १२० कोटी कण, सेल्युलोजच्या, म्हणजे कागद ज्या वनस्पतीतंतूंचा बनतो त्यांच्या, पिशवीतून साडेतेरा कोटी आणि नायलॉनच्या पिशवीतून ऐंशी लाखांच्या आसपास.

आकड्यांवर वाद आहे. गरम पाण्यात जाळीतून काहीतरी सुटतं, यावर नाही. कारणही सोपं आहे. पीएलए साधारण ६० अंशांना आणि पीईटी ७५ अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. वितळायला त्यांना बरंच जास्त तापमान लागतं, त्यामुळे पिशवी अखंड दिसते. पण आपण ओततो ते पाणी मऊ पडण्याच्या मर्यादेच्या पुष्कळ वर असतं. हे कण पोटात गेल्यावर माणसाच्या तब्येतीवर नेमकं काय करतात, याचं ठाम उत्तर अजून विज्ञानाकडे नाही. ज्या गोष्टीला सोपा पर्याय घरातच आहे, तिच्यासाठी मी त्या उत्तराची वाट बघत बसणार नाही.

आता कागद. गरम पाण्यात कागद फाटू नये म्हणून त्यात 'वेट स्ट्रेंथ रेझिन' घालतात, म्हणजे ओला असतानाही बळ देणारी राळ. या राळेचा एक प्रचलित प्रकार एपिक्लोरोहायड्रिन वापरून बनवतात. तयार कागदात एपिक्लोरोहायड्रिन म्हणून फारसं उरत नाही, पण राळेबरोबर ३-एमसीपीडी आणि १,३-डीसीपी ही दोन उपउत्पादनं येतात आणि ती पाण्यात सहज उतरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने एपिक्लोरोहायड्रिनला 'बहुधा कर्करोगकारक' (गट २अ) आणि बाकी दोघांना 'कदाचित कर्करोगकारक' (गट २ब) म्हटलं आहे. आत्यापर्यंत पोचलेल्या बातमीचं मूळ इथे आहे. बातमीत एक गोष्ट सुटते, ती प्रमाणाची. हे गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतात, एका कपाने किती धोका वाढतो ते सांगत नाहीत. अन्नातले धोके तपासणाऱ्या जर्मनीच्या बीएफआर या संस्थेने अन्नाला लागणाऱ्या कागदाच्या पाण्यातल्या अर्कासाठी मर्यादा घातली आहे: ३-एमसीपीडी लिटरला १२ मायक्रोग्रॅम, १,३-डीसीपी २ मायक्रोग्रॅम. चांगले कागद उत्पादक ती पाळतात, त्यामुळे कंपनीला विचारायचा आकडा आपल्या हाती येतो.

जाता जाता सांगतो. ३-एमसीपीडीचं दुसरं रूप शुद्ध केलेल्या पामतेलात मोठ्या प्रमाणात सापडतं. पिशवीची चिंता करत पामतेलातल्या फरसाणाची वाटी रिकामी करणारे मी पाहिले आहेत. त्यांत मीही होतो.

पिनेचा विषय लवकर संपतो. एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, २०१७ मध्येच टी बॅगला स्टेपलची पिन लावणं बंद करण्याचा आदेश काढला. कारण रसायन नव्हतं, सुटी पिन घशात जाण्याचा धोका होता. आजही पिन दिसली तर ते पाकीट घेऊ नका.

पायरी ३: पानाचा हिशेब

ऑगस्ट २०१४ मध्ये ग्रीनपीस इंडिया या पर्यावरण संघटनेने बाजारातल्या नामांकित पाकीटबंद चहाच्या ४९ नमुन्यांची तपासणी जाहीर केली. ४६ नमुन्यांत कीटकनाशकांचे अंश निघाले. भारतात शेतीसाठी १९८९ पासून बंदी असलेल्या डीडीटीचे अंश दोनतृतीयांश नमुन्यांत होते. सरकारच्या टी बोर्डाचं उत्तर होतं की हे नमुने भारतीय कायद्यात बसतात. त्याच वर्षी बोर्डाने चहासाठी पीक संरक्षण संहिता आणली, म्हणजे कोणती औषधं फवारायची याची यादी.

अडचण मळ्यापेक्षा साखळीत आहे. देशातला निम्म्याहून अधिक चहा छोट्या बागायतदारांकडून येतो. ते हिरवं पान कारखान्याला विकतात, कारखाना लिलावात, आणि लिलावातून घेतलेला चहा पाकीटवाले अनेक ठिकाणच्या मालात मिसळतात. तुमच्या एका पिशवीतल्या दोन ग्रॅममध्ये किती बागांचं पान आहे हे दुकानदार सांगू शकत नाही. २०२४ मध्ये उत्तर बंगाल आणि आसाममधल्या अशा कारखान्यांनी छोट्या बागायतदारांचं पान घेणं थांबवू असा इशारा दिला, तो याच अवशेषांच्या तपासणीवरून.

पानावरचं सगळंच कपात उतरत नाही. इमिडाक्लोप्रिड, अ‍ॅसिटामिप्रिड, डायमेथोएट ही पाण्यात विरघळणारी कीटकनाशकं चहाबरोबर बऱ्यापैकी येतात. डीडीटी, बायफेन्थ्रिन ही पाण्याशी फटकून वागणारी, ती बहुतांश चोथ्यातच राहतात. म्हणून कोरड्या पानाच्या अहवालावरून थेट कपाबद्दल निष्कर्ष काढू नये.

एक गणित स्वतः करून बघा. समजा, अहवालात इमिडाक्लोप्रिड ०.०५ मिलिग्रॅम प्रति किलो आहे. पिशवीत २ ग्रॅम चहा, म्हणजे ०.१ मायक्रोग्रॅम. सगळं पाण्यात उतरलं असं धरलं तरी दिवसाच्या चार कपांत ०.४ मायक्रोग्रॅम. या औषधाची आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी मानलेली रोजची सुरक्षित मर्यादा शरीराच्या दर किलोला ०.०६ मिलिग्रॅम, म्हणजे ५० किलोच्या माणसाला ३००० मायक्रोग्रॅम. आकडा समोर आला की अंगावरचा काटा जरा खाली बसतो. तरीही मी हा विषय सोडत नाही. एक तर नमुन्यात एकटं औषध क्वचित असतं, चार-पाच एकत्र निघतात. दुसरं, भारतात ज्या कीटकनाशकासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला किलोला ०.०१ मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा आहे. ती ओलांडली तर 'एवढ्याने काही होत नाही' हा विक्रेत्याचा युक्तिवाद चालत नाही.

दोन नावं आणखी लक्षात ठेवा. अँथ्राक्विनोन फवारलं नसलं तरी येतं. पान वाळवताना लाकडाचा किंवा कोळशाचा धूर लागला तर येतं आणि कधी वेष्टनाच्या कागदातूनही येतं. युरोपात त्याची मर्यादा किलोला ०.०२ मिलिग्रॅम आहे. दुसरं नाव पायरोलिझिडिन अल्कलॉइड्स. ही कॅमोमाइल, रूइबॉस अशा 'हर्बल टी'मध्ये तणांबरोबर येतात आणि यकृताला त्रासदायक असतात. हर्बल म्हणजे निर्धोक असं समजून दिवसाला सहा कप पिणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

पायरी ४: घरी काय तपासता येतं, काय नाही

कीटकनाशक घरी तपासता येत नाही. तसं सांगणारा कोणताही व्हिडिओ पुढे पाठवू नका.

भेसळ मात्र तपासता येते. एफएसएसएआयच्या 'डार्ट' पुस्तिकेतल्या दोन चाचण्या सोप्या आहेत. गाळण-कागदावर थोडी चहापत्ती पसरा, त्यावर पाणी शिंपडा, मग पत्ती काढून कागद नळाखाली धुवा आणि उजेडाकडे धरून डाग बघा. भेसळीचा रंग असेल तर गडद डाग उठतो. दुसरी चाचणी लोहचुंबकाची: काचेच्या ताटलीत चहा पसरून वरून चुंबक फिरवा. दोन-चार कण यंत्राच्या झिजेचे असू शकतात. चुंबकाला मिशी फुटली तर गोष्ट वेगळी.

पायरी ५: पाकीट वाचा, मग कंपनीला लिहा

पाकिटावर चौदा अंकी परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि पॅकिंगची तारीख असते. पिशवी कशाची आहे हे बहुधा सापडत नाही. 'फूड ग्रेड' आणि 'नैसर्गिक' हे शब्द सापडतात, त्यांतून काही कळत नाही. ग्राहक सेवेच्या पत्त्यावर मी पाठवतो तो मजकूर असा, हवा तर उचला:

"आपल्या अमुक चहाची अमुक बॅच मी विकत घेतली आहे. कृपया कळवा: (१) पिशवीचा कागद किंवा जाळी कोणत्या पदार्थाची आहे? ती उष्णतेने बंद केली असल्यास कोणतं प्लास्टिक वापरलं आहे? (२) कागदात एपिक्लोरोहायड्रिनवर आधारित राळ आहे का? पाण्यातल्या अर्कात ३-एमसीपीडी आणि १,३-डीसीपी किती आढळलं? (३) या बॅचच्या कीटकनाशक अवशेषांचा एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल मिळेल का? (४) अँथ्राक्विनोन तपासलं आहे का?"

मी चार ठिकाणी लिहिलं. एकाने दोन दिवसांत कागदाच्या पुरवठादाराचं प्रमाणपत्र जोडून पाठवलं. एकाने 'आमची उत्पादनं सर्व मानकांनुसार आहेत' असं कळवलं आणि पुन्हा विचारल्यावर तेच वाक्य पुन्हा पाठवलं. दोघांनी अजून उत्तर दिलेलं नाही. घरात आता कोणता डबा येतो हे वेगळं सांगायला नको.

अहवाल आलाच तर तीन गोष्टी बघा. बॅच तुमचीच आहे का, किती कीटकनाशकांसाठी तपासलं (दहा नावं तपासून 'काही आढळलं नाही' म्हणणं सोपं असतं), आणि 'बीएलक्यू' लिहिलं असेल तर ती मोजण्याची खालची मर्यादा किती. बीएलक्यू म्हणजे शून्य नव्हे, 'आमच्या यंत्राला यापेक्षा कमी मोजता येत नाही' एवढंच.

पायरी ६: चहा करण्याची पद्धत

पिशवीचा प्रश्न सोडवायचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे सुटी पत्ती आणि स्टीलची गाळणी. प्लास्टिकच्या जाळीची गाळणी घेतली तर फिरून तिथेच आलात. ग्रीन टीसाठी स्टीलचं झाकणाचं छोटं इन्फ्यूजर मिळतं, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये मावतं.

पिशवीच वापरायची तर घडीची, दोरा बांधलेली, साध्या कागदाची निवडा. बुडवा, तीन मिनिटांत काढा. चमच्याने दाबून पिळू नका, तीच पिशवी दुसऱ्या कपाला वापरू नका आणि पिशवीसकट कप मायक्रोवेव्हमध्ये कधीही ठेवू नका. पहिलं पाणी ओतून टाकायची काहींची सवय असते. त्याने धूळ जाते, पण फवारणीचा प्रश्न सुटतो असं मानू नका.

आणि कप बघा. आयआयटी खरगपूरच्या २०२० च्या अभ्यासात, कागदी कपात १०० मिलिलिटर गरम द्रव पंधरा मिनिटं राहिला तर सुमारे २५ हजार सूक्ष्म प्लास्टिक कण त्यात उतरतात असं दिसलं, कारण कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. पिशवी निरखून निवडायची आणि ती कागदी कपात बुडवायची, यात काही अर्थ नाही.

कागदी पिशवीच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात विनायक द्रविड यांच्या गटाने २०२५ मध्ये दाखवलं की चहाचं पान पाण्यातलं शिसं स्वतःवर धरून ठेवतं. नेहमीच्या पद्धतीने केलेल्या एका कपात सुमारे १५ टक्के शिसं असं कमी होऊ शकतं. सेल्युलोजची पिशवीही त्याला हातभार लावते, नायलॉनची जवळजवळ नाही.

पायरी ७: तक्रार आणि तपासणी

एवढं करूनही संशय राहिला तर अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ चं कलम ४० कामाला येतं. ग्राहक स्वतः विकत घेतलेला पदार्थ ठरलेलं शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो आणि नमुना कायद्यात बसत नाही असं निघालं तर शुल्क परत मिळतं. बहुतेकांचं इथे एका गोष्टीवरून अडतं. हा माल तपासणीला देणार आहे, असं दुकानदाराला खरेदीच्या वेळीच सांगावं लागतं. घरी आणून अर्धं पाकीट संपवल्यावर ही वाट बंद होते.

बिल ठेवा, पाकीट न उघडलेलं ठेवा, त्याच बॅचची दोन-तीन पाकिटं घ्या. खासगी प्रयोगशाळेत सगळ्या कीटकनाशकांची तपासणी काही हजारांत जाते, म्हणून सोसायटीतल्या पाच-सहा घरांनी मिळून केलेली बरी. तक्रारीसाठी एफएसएसएआयचं 'फूड सेफ्टी कनेक्ट' अ‍ॅप आहे, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि महाराष्ट्रात जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी अर्ज देता येतो. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

पायरी ८: चोथा

पिशवी अख्खी कुंडीत टाकू नका. फाडा, चोथा खताला घाला. साधा कागद असेल तर तोही चालेल, जाळी सुक्या कचऱ्यात. 'वनस्पतीजन्य' असली तरी. ब्रिटनमधल्या प्लिमथ आणि बाथ विद्यापीठांच्या संशोधकांनी पिशव्या सात महिने मातीत पुरून ठेवल्या होत्या. नुसत्या पीएलएच्या होत्या त्या जशाच्या तशा निघाल्या.

हे वाचून मीही एक त्रिकोणी पिशवी गणपतीत कढीपत्त्याच्या कुंडीत पुरली आणि होळीला उकरली. दोरा गेला होता, टोकाचा कागदी टॅग गेला होता, आतला चहा माती झाला होता. जाळी नळाखाली धरली तशी स्वच्छ झाली. इतकी, की पुन्हा चहा भरला असता तर कुणाला कळलं नसतं. आत्याला दाखवली. तिने ती दोन बोटांत धरून उजेडाकडे बघितली आणि विचारलं, "मग पावडरीचं काय करायचं म्हणालास?" तेव्हा तिच्या डब्यावरचा बॅच क्रमांक आम्ही दोघांनी मिळून चष्मा लावून शोधला.